समुद्राजवळच्या घरातली फुलझाडं : मचूळ पाणी, खारा वारा आणि चार महिने पाऊस

खाडीकाठ

गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं घर आहे. अंगणाच्या कडेने कुंड्या आहेत: अनंत, मोगरा, गावठी लाल जास्वंद, अबोली आणि मुलीने हट्टाने आणलेले गुलाब. विहिरीचं पाणी होळीपर्यंत गोडं असतं, मग हळूहळू मचूळ होत जातं. एप्रिलपासून अनंताच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या आहेत. कळ्या चांगल्या टपोऱ्या होतात, पांढरं टोक दिसायला लागतं आणि न उमलताच गळून पडतात. जास्वंदीच्याही कळ्या गळतात. मोगरा मात्र व्यवस्थित फुलतोय.

हा रोग समजून औषध मारायचं का? पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी काय काय करून घ्यावं? किनाऱ्यावर राहून फुलझाडं जोपासणाऱ्यांचेच सल्ले हवे आहेत. वाचायला मिळतं ते सगळं पुण्या-नाशिकच्या हवेसाठी लिहिलेलं असतं.

आगरवाट

औषध अजिबात मारू नका. अनंताचं तुम्ही जे वर्णन केलंय ते मिठाचं लक्षण आहे. बुरशीचा डाग पानावर कुठेही, मध्येच पडतो आणि बऱ्याचदा त्याभोवती पिवळी कड असते. मिठाने करपलेलं पान टोकाकडून आणि कडेकडून आत वाळत जातं, आणि जुन्या पानांवर ते आधी दिसतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानातून उडून जातं, मीठ कडेला साठत राहतं. कुंडीत हे जमिनीपेक्षा लवकर होतं, कारण आपण रोज थोडं थोडं पाणी घालतो, ते वरच्या वर सुकतं आणि क्षार मातीतच राहतो. कुंडीच्या काठावर किंवा बुडाच्या भोकाशी पांढरा थर आलाय का तेवढं बघा.

आता करायचं ते असं. कुठून तरी गोडं पाणी मिळवा आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश, थांबत थांबत ओता. ते खालून निघून गेलं पाहिजे, तरच क्षार धुतला जाईल, म्हणून खालची ताटली काढून टाका. पंधरा-वीस दिवस कुठलंही रासायनिक खत नको; तेही शेवटी क्षारच असतात. मचूळ पाणी घालावंच लागलं तर रोज तांब्याभर घालू नका. एका दिवसाआड घाला पण खालून वाहेपर्यंत घाला. पानांवर तर ते शिंपडूच नका. मातीवर पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) जाड थर द्या म्हणजे ऊन मातीला लागणार नाही आणि पाणी कमी उडेल.

अनंत मिठाला फारच नाजूक आहे. मोगरा बराच सोसतो. जास्वंद त्यातल्या त्यात सोशिक, त्यामुळे तिच्या कळ्या गळण्याचं कारण वेगळंही असू शकेल.

पुढच्या उन्हाळ्यासाठी पन्हळीचं पाणी साठवायचं आत्ताच बघा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पावसात १००० लिटर, आणि आपल्याकडे १० मिलिमीटर ही एका सरीची गोष्ट आहे. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ आणि शेवाळ येतं. टाकी पूर्ण झाकलेली हवी, नाहीतर डास होतील. हंडाभर पाणी अनंताला, हंडाभर गुलाबांना, एवढ्यावर एप्रिल-मे निभतात.

जांभा_चिरा

जास्वंदीच्या गळलेल्या कळ्या उचलून नखाने फोडा आणि पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पळणारे किडे पडले तर ते फुलकिडे. शेंड्यांवर कापसासारखं काही चिकटलेलं असेल आणि मुंग्यांची ये-जा असेल तर पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचा गोड स्राव खातात आणि त्याला राखतात, म्हणून मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय पिठ्या जात नाही. पिठ्या पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, फार लागलेला शेंडा कापून जाळा, मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळायला थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. पानांच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे. आठवड्याने परत. भर उन्हात फवारलंत तर पानं भाजतात.

गावठी_गुलाब

जमिनीत लावायचं झालं तर? आमचंही असंच आहे, देवगडला. विहीर गोडी आहे पण वारा थेट समुद्रावरून येतो.

जांभा_चिरा

आपली जांभ्याची लाल माती आम्ल असते आणि पावसाने तिच्यातला चुना वाहून गेलेला असतो. अनंत, पेंटगूळ (इक्झोरा) आणि तत्सम झाडांना हीच माती मानवते. घाटावर यांची पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, तो त्रास इथे सहसा होत नाही. एक अपवाद: घर बांधताना सिमेंटचा राडा जिथे गाडला गेला ती जागा. भिंतीच्या कडेचं पेंटगूळ पिवळं पडतंय म्हणून लोक खत घालत राहतात आणि खाली सिमेंट-चुन्याचा राबीट (राडारोडा) असतो. तिथे खत घालून उपयोग नाही. माती उपसून काढा किंवा झाड हलवा.

आणि कुंडीसाठी किनाऱ्यावरची वाळू आणू नका. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुना असतो. नदीची जाड रेव घ्या. नाही मिळाली तर जांभ्याच्या चिऱ्याची जाडसर कपची आणि फुटक्या कौलांचे बारीक तुकडे मातीत मिसळा.

आगरवाट

वाऱ्याबद्दल. समुद्राकडच्या बाजूला आधी सोसणारी झाडं लावा, त्यांच्या आडोशाला नाजूक. कण्हेर, देवचाफा, बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब (पोर्तुलाका) ही सगळी खाऱ्या वाऱ्यात टिकतात. कण्हेरीची दाट रांग गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून वाढवली की आतल्या बाजूला मोगरा, जाई, अबोली निवांत राहतात. फक्त कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर हे लक्षात असू द्या. गुरांच्या वाटेवर कण्हेर नकोच. पक्की भिंत घालून वारा अडवला तर तो वरून येऊन आत भोवरे धरतो. कुंपण झिरपतं असावं, वारा गाळून घेणारं.

सड्यावरून

मी रत्नागिरीजवळ सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) राहते. मीठ हा मे महिन्याचा प्रश्न आहे, पाऊस चार महिन्यांचा आहे, आणि माझ्या बघण्यात कोकणातली बहुतेक कुंडीतली झाडं पावसात जातात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे ३००० च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे पहिला विचार पाणी बाहेर कसं जाईल याचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी हे करून घेते, सविस्तर लिहिते.

कुंड्या जमिनीवर टेकवून ठेवायच्या नाहीत. दोन चिऱ्यांवर किंवा विटांवर, मधे बोटभर फट ठेवून. सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर ठेवलेल्या कुंडीचं भोक पहिल्याच पावसात चिखलाने बुजतं आणि आत पाणी तुंबतं. तुंबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वरून झाड मरगळलेलं दिसतं. ते बघून माणसं आणखी पाणी घालतात. म्हणून मरगळ दिसली की आधी मातीत बोट घालून बघायचं.

प्रत्येक भोकातून काडी घालून मोकळं करायचं. माती घट्ट बसलेली असेल तर झाड अलगद काढून नवीन मिश्रणात लावायचं. माझं मिश्रण असतं लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि जाड रेव किंवा कपची, साधारण सारख्या प्रमाणात. नुसती लाल माती ओली-सुकी होत दगडासारखी बसते.

पागोळ्यांच्या रेषेखाली एकही कुंडी नको. छपराचं पाणी एका जागी पडत राहिलं की माती खणली जाते आणि मुळं उघडी पडतात. पडवीत आत घ्या किंवा अंगणात लांब ठेवा, मधली जागा सगळ्यात वाईट. अंगणात ठेवलेल्यांच्या मातीवर कौलाचे तुकडे पसरून ठेवते, म्हणजे थेंबांच्या माऱ्याने चिखल उडून पानांवर बसत नाही. बुरशी बऱ्याचदा त्या चिखलातूनच पानांवर चढते.

खत जुलैत घालून उपयोग नाही, सगळं वाहून जातं. पावसाने उघडीप दिली की मूठभर, आणि खरं खत गणपतीनंतर.

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक इथे सुपारीवाल्यांच्या घरी असतंच, कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजवणारा बुरशीचा रोग). फुलझाडांनाही चालतं. १० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवायचं, चुना निवू द्यायचा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ढवळत ओतायचं. धातूचं भांडं वापरायचं नाही. तयार झालं की त्यात कोयतीचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालाय, आणखी चुन्याची निवळी घालायची. त्याच दिवशी वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. कोवळ्या पालवीवर आणि गुलाबावर निम्म्या ताकदीचं. पाऊस सुरू होण्याआधी, कोरड्या दिवशी. देवाला वाहायच्या फुलांवर नाही.

खाडीकाठ

सड्यावरून ताई, हे छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. कुंड्यांच्या काठांवर पांढरा थर आहेच, आगरवाट म्हणतात तसा. शेजाऱ्यांच्या बोअरचं पाणी गोडं आहे, उद्याच आणते. कोकोपीट घातलं तर माती मोकळी राहील ना? आमच्याकडे सोडणांचे (नारळाच्या सालींचे) ढीग पडलेत.

आगरवाट

सोडणात आणि काथ्याच्या भुशातही (म्हणजे कोकोपीटमध्ये) क्षार असतो, विशेषतः खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या. गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी बदलून तीन-चार वेळा धुतल्याशिवाय वापरू नका. तुमच्याकडे तर मिठाचाच त्रास आहे. आणि पावसात ते पाणी धरून ठेवतं, तेव्हा कुंडीत थोडंच. सोडणांचे सुपारीएवढे तुकडे करून ऑर्किडला आणि अँथुरियमला द्या, तिथे ते सोन्याच्या मोलाचे आहेत.

दिवेआगर_परस

अँथुरियमचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे ती सुपारीच्या वाडीत वाढत होती, वरून गाळीव ऊन, खाली ओलावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सावली गेली आणि उघड्यावर आलेली अँथुरियमची पानं उन्हाने पांढरी पडली. पुढे झावळ्यांची झापं विणून मांडव घातला तेव्हा ती सावरली. तेव्हा ज्यांच्याकडे सुपारीची बाग आहे त्यांनी हौसेने लावा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी ७०-७५ टक्के सावलीच्या जाळीचा खर्च धरा. थेट उन्हात हे झाड ठेवू नये.

वादळानंतरचं आणखी एक: वाऱ्याने पानांवर समुद्राचा फवारा बसतो. तो गोड्या पाण्याने लगेच, त्याच दिवशी धुवायचा. धुतलेली झाडं आणि न धुतलेली झाडं यात आठवड्याने स्पष्ट फरक दिसला.

वळेसार

मी वेंगुर्ल्याकडची. गे बाय, गुलाबाचा कसला घेऊन बसलंस? अबोली लाव, सुरंगी लाव.

मालवणीत सुरुवात केली, आता नीट लिहिते. आमच्या भागात फाल्गुन-चैत्रात सुरंगीचे वळेसार (गजरे) बाजारात येतात. कळ्या भल्या सकाळी, उमलायच्या आत काढतात, आणि वाळल्यावरही वास जात नाही. जुन्या जाड फांद्यांवर कळ्यांचे झुबके येतात. बीपासून वाढवलेलं झाड फुलायला फार वर्षं घेतं, म्हणून कलम घ्या. झाड मोठं होतं, कुंडीचं काम नाही, परसात जागा असेल तरच.

अबोलीचं मात्र कुंडीत छान होतं. तिला वास नाही, पण बारा महिने रंग देते आणि वेणीत गुंफल्यावर लवकर कोमेजत नाही. बी वाळलेल्या बोंडात असतं. बोंडावर पाणी पडलं की ते फट्‌कन फुटून बी लांब उडतं, म्हणून बोंडं सुकी असतानाच काढून कागदाच्या पिशवीत ठेवा. दिल्ली जातीला बी धरत नाही, तिची कटिंग लावावी लागते. एकाच मातीत वर्षानुवर्षं अबोली घेतली की मुळांना सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या) गाठी येतात आणि झाड खुरटतं. माती बदला आणि मधल्या हंगामात तिथे बुटका झेंडू घ्या. त्याच्या मुळांतून येणाऱ्या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात.

गावठी_गुलाब

गुलाबाबद्दल एवढं टोकाचं नको. रोपवाटिकेतून आणलेले मोठ्या फुलांचे रंगीत गुलाब इथे पावसात काळ्या ठिपक्यांनी पानं गाळतात हे खरं. पण आमच्या घरी गावठी गुलाबी गुलाब आहे, भरगच्च पाकळ्यांचा, सुवासिक, आणि तो देवगडच्या वाऱ्यात टिकून आहे. पावसात फुलांची अपेक्षा ठेवायची नाही. ठिपक्याची पानं तोडून कंपोस्टमध्ये न टाकता जाळायची. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी, वाळकी आणि काळी पडलेली काडी हिरवा भाग लागेपर्यंत कापायची, कापल्या जागी बोर्डो पेस्ट. त्यानंतर शेणखत आणि थोडी राख. दिवाळीनंतर थंडीभर फुलं मिळतात, आणि वर्षातून चार महिने घरच्या गुलाबाची फुलं मिळणं मला पुरेसं आहे.

वळेसार

गावठीला माझी ना नाही. रंगीत कलमांवर पैसे घालवून मग पावसाला दोष देणारे बघितलेत, म्हणून बोलले.

सड्यावरून

गावठी_गुलाब यांच्याशी सहमत. फक्त कलमी गुलाब असेल तर जोडाच्या खालून येणारा फुटवा ओळखा. तो खालच्या रानटी खुंटाचा असतो, बारीक पानांचा आणि जोमदार. ठेवलात तर वरचं कलम संपतं. सोनचाफ्यालाही हेच.

आठवा_मजला

सोनचाफा गच्चीवर कुंडीत होतो का? मी रत्नागिरी शहरात फ्लॅटमध्ये आहे. घरी आजीच्या दारात होता, तो वास हवा आहे.

सड्यावरून

होतो. बियांचं रोप घेऊ नका, फुलायला सहा-सात वर्षं किंवा जास्तही लागतात. कलम घ्या, ते वर्ष-दोन वर्षांत फुलायला लागतं. कुंडी लहान नको, अर्धं ड्रम घ्या, खाली भरपूर भोकं. ऊन सहा तास. चाफ्याला ओल लागते पण तुंबलेलं पाणी सहन होत नाही. आठव्या मजल्यावर वारा फार असेल, तेव्हा काठी रोवून सैल बांधा आणि ड्रम कठड्याला धरून ठेवा. शेंडा खुडत राहिलात तर झाड पसरट राहतं आणि फुलं हाताला येतात. कलमं कुठे मिळतील याची चौकशी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत करा.

कोकणी_मेवा

ऑर्किडवाल्यांना विनंती. मेच्या सुमाराला आंब्या-फणसावर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड फुलतं, ती ओरबाडून घरी आणून नारळाच्या सोडणाला बांधायची लाट आलीय. रानातून काढलेली बरीच रोपं पहिल्याच वर्षी मरतात आणि झाडावरची जागा कायमची रिकामी होते. वादळात पडलेल्या फांदीवर सापडली तर जरूर आणा, आंब्याच्या खोडाला उत्तरेच्या बाजूने सुतळीने बांधा, मुळं मोकळी ठेवा, माती लावू नका. हौसेसाठी रोपवाटिकेतल्या डेंड्रोबियम आणि व्हँडा आहेत. आपल्या दमट हवेत त्या छान येतात.

खाडीकाठ

पाऊस सुरू झाला. कुंड्या विटांवर आहेत, पागोळ्यांपासून लांब. आता नवीन संकट: शंखाच्या मोठ्या गोगलगायी. रात्रीत झेंडूची रोपं भुईसपाट.

जांभा_चिरा

मीठ टाकून मारायच्या फंदात पडू नका, तुमची माती आधीच खारी आहे. संध्याकाळी ओलं गोणपाट रोपांजवळ पसरून ठेवा, पहाटे त्याखाली जमतात. हातमोजे घालून वेचा, साबणाच्या पाण्यात टाका आणि खोल पुरा. त्यांच्या अंगात माणसाला होणारे जंत असू शकतात, म्हणून उघड्या हातांनी नको आणि मुलांना वेचायला लावू नका. पातेऱ्याचा थर पावसाळ्यात रोपांच्या खोडापासून वीतभर लांब सरकवा, त्यांना लपायला तीच जागा लागते. विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या पोटात जातात, घराभोवती टाळा.

वळेसार

गणपतीसाठी जास्वंदी हवी असेल तर मृगात हलकी छाटून घ्या. कळी नवीन फुटीवर येते, भाद्रपदापर्यंत फूट भरते. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या पडवीच्या कडेला ओल्या मातीत टोचून ठेवा, पावसात बहुतेक सगळ्या धरतात. गावात वाटा.

खाडीकाठ

ऑक्टोबर आला. अनंताला नवीन पानं स्वच्छ आली आहेत. मोगऱ्याची छाटणी कधी करू? शेजारी म्हणतात आत्ताच.

आगरवाट

आत्ता नको. आत्ता छाटलात तर थंडीत नुसती पालवी येईल. नोव्हेंबरअखेरीपासून पाणी कमी करत न्या, पानं मलूल दिसेपर्यंत. डिसेंबरच्या उत्तरार्धात गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटा, राहिलेली पानं हाताने काढून टाका, आळं उकरून चार-पाच दिवस मुळांना ऊन लागू द्या. मग शेणखत घालून आळं भरा आणि पाणी सुरू करा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून कळ्या दिसायला लागतील. साठवलेलं पन्हळीचं पाणी तेव्हा अनंतासाठी राखून ठेवा, मोगऱ्याला विहिरीचं चालेल.